दुखवट्याचं मटण

सुमनचं तेरावं झालं होतं. दुखवटा सोडायला माहेरच्यांनी मटण करायचं, या रिवाजाप्रमाणे सुमनच्या भावाने, संपतने, तिच्याच घरी स्वयंपाक केला. पातेलं मध्ये ठेवलं होतं. सुमनच्या नवऱ्याने, केशवने, पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवणार नव्हतं.

"बाजारात गेलोच नाही, दाजी. फ्रिजमध्ये डबाभर मटण होतं."

केशवच्या हातातली भाकरी तशीच राहिली. शेवटचं वर्षभर सुमनला दुसरं काही पचत नव्हतं. तिच्याच पेशींपासून वाढवलेलं मांस दवाखान्यातून यायचं. ती ते दार लावून खायची. माहेरी तिने कळू दिलं नव्हतं. शेवटचा डबा टाकायला केशवचा हात धजला नव्हता.

"तू चाखलंस?"

"मीठ बघायला दोन फोडी खाल्ल्या. ताईपेक्षा बरं जमलंय. घ्या आता, पोरं खोळंबलीत."

आता सांगितलं असतं, तर संपत जन्मभर ते विसरला नसता. केशवने पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं.

संपत ताटावरून उठला. मग म्हणाला, "बहीण गेली, तर आमच्या हातचंही चालेना होय."

बायकोपोरांना घेऊन तो उपाशीच निघाला. केशवने त्याला अडवलं नाही. मोरीच्या जाळीवर अडकलेल्या फोडी तो एकेक करून ओंजळीत घेत होता.