फोटोतले दाणे

“हे बघ, इथे गालावर,” ताईंच्या नवऱ्याने कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून दाखवला.

ताई खुर्ची ओढून पुढे सरकल्या. कंदिलाच्या उजेडात बसलेली नटी. तिच्या गालावर, मानेवर, मागच्या काळ्या पडद्यावर वाळू सांडावी तसे लाल-हिरवे दाणे पसरले होते.

“कॅमेऱ्यात तर स्वच्छ दिसत होता,” त्या म्हणाल्या.

“कॅमेऱ्याचा पडदा काडेपेटीएवढा. त्यात सगळंच छान दिसतं. खरं काय ते इथे कळतं.”

त्याने बटण दाबलं. सॉफ्टवेअरमधलं एआय कामाला लागलं आणि दाणे नाहीसे झाले. त्यांच्याबरोबर नटीच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्याही गेल्या. चेहरा मेणाचा दिसू लागला. ताईंनी मान वळवली.

उभी हयात त्यांनी नाटकांचे फोटो काढले होते. फ्लॅश न वापरता, अंधारातला जेमतेम उजेड पकडण्यात त्यांचा हातखंडा होता. नाटक मंडळीत लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणायचे. कॉम्प्युटरशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. पूर्वी एक लॅबवाला त्यांच्या रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेले कच्चे फोटो, उघडून नीट करून द्यायचा. तो दुकान बंद करून लेकीच्या गावी राहायला गेला आणि त्याच सुमारास ताईंचा नवरा निवृत्त झाला. त्याने आपणहून हे काम अंगावर घेतलं. एरवी संध्याकाळी घरात मी आणि चार भिंती, तेवढाच विरंगुळा, असं तो हसत म्हणाला. क्लास लावला, सॉफ्टवेअर घेतलं, न कंटाळता शिकला. नशीब काढलंस, असं मैत्रिणी ताईंना म्हणायच्या.

दाणे मात्र वाढतच गेले. उजेडाचा अंदाज चुकला की असा नॉइज येतो, नवरा समजावून सांगायचा. ताई डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डोळे ठणठणीत होते. मग कॅमेराच जुना झाला असेल म्हणून नवऱ्याने स्वतःच्या पैशांनी नवा आणला. त्या कॅमेऱ्याने काढलेला पहिला प्रयोग घरी पडद्यावर उघडला, तर तीच वाळू.

“म्हणजे कॅमेरा नाही. मीच,” ताई म्हणाल्या.

नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वय कुणाला चुकलंय, मनाला लावून घेऊ नकोस, असं काहीसं तो बोलला. मग एआय लावून सगळे फोटो पुसून काढले आणि मंडळींकडे पाठवून दिले.

तिथे आधी कुणी काही बोललं नाही. मग एकदा त्या नटीने थट्टेने विचारलं, ताई, माझ्या सुरकुत्या कुठे ठेवल्यात, एवढ्या वर्षांची कमाई आहे ती. सगळे हसले, ताईही हसल्या. दिग्दर्शक तेवढा हसला नाही. नव्या नाटकाच्या तारखा कळवतो, असं तो म्हणाला आणि त्याने कळवल्या नाहीत.

औषधाच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर ताईंना त्या नाटकाचं पोस्टर दिसलं. फोटोखाली बारीक अक्षरांत दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. त्या तिथेच खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. हा दिग्दर्शक त्यांच्या घरी हक्काने जेवायला यायचा. त्याची पहिली नाटकं पडली तेव्हा इतरांनी पाठ फिरवली होती, ताईंनी नाही. नको तर नको, पण तोंडावर सांगायचं होतं. पुढे त्याचे फोन आले, ते त्यांनी घेतले नाहीत. कॅमेऱ्याची बॅग माळ्यावर गेली.

“माणसं अशीच असतात,” नवरा म्हणाला. “तू घरी आहेस, मला तेवढं पुरे.”

आता संध्याकाळी दोघं फिरायला जात. आल्यावर तो चहा करी, मग पत्त्यांचा डाव मांडे. त्याची तब्येतही जरा सुधारली होती. तिसरी घंटा व्हायची वेळ आली की ताईंचा हात पत्त्यांवरच थबके. मग नवरा हळूच म्हणे, तुझी उतारी.

एका दुपारी तो केस कापायला गेला असताना दारावरची बेल वाजली. बाहेर तिशीतली एक बाई गळ्यात कॅमेरा अडकवून उभी होती. पोस्टरवरचं नाव आपलंच, हे तिने स्वतःच सांगून टाकलं. ताईंनी तिला आत बोलावलं नाही. ती दारातच बोलत राहिली. अंधाराचा प्रवेश तिला काही केल्या जमत नव्हता. मेकअपच्या खोलीत लावलेले ताईंचे जुने फोटो बघून बघूनच ती शिकली होती. कंदिलाच्या प्रवेशाची रॉ फाइल एकदा बघायला मिळाली तर बरं होईल, एवढंच तिचं मागणं होतं.

ताई बाजूला झाल्या.

“बघून काही मिळायचं नाही,” नवऱ्याच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू करत त्या म्हणाल्या. “नुसता नॉइज आहे.”

बाईने फाइल शोधून उघडली. तोच गाल, तीच वाळू. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली, बाजूच्या पट्ट्या वरखाली करून पाहिल्या आणि एक बटण दाबलं.

क्षणात दाणे गेले. सुरकुत्या मात्र जिथल्या तिथे होत्या. कंदिलाचा पिवळा उजेड नटीच्या पापणीवर थांबला होता आणि मागचा पडदा काळाभोर होता. इतका चांगला फोटो आपण कधी काढला, ते ताईंना आठवेना.

“तुझं एआय बरंच हुशार दिसतंय,” त्या म्हणाल्या.

बाईने आणखी एक फाइल उघडून तेच केलं, मग नव्या कॅमेऱ्याची एक, मग अजून एक. शेवटी ती माउस सोडून ताईंकडे वळली.

“एआय नाही लावलं, ताई. फोटो काढलात तेव्हा होता तसा परत आणला, बस. हे दाणे नंतर इथे बसून कुणीतरी घातलेत. सगळ्या फोटोंत.”