उजवा कान

नवरदेवाचा परण्या डीजे वाजवत, मिरवत तेलगावच्या वेशीत शिरला आणि नवरी रोहिणीची आई रुक्मिणीबाई पुन्हा उंबऱ्यात आल्या. मांडवात सगळं होतं, पण कानपिळीला, नवरदेवाचा कान पिळायला, रोहिणीचा सख्खा भाऊ नव्हता. जहाजावर नोकरीला असलेला बिभीषण अजून समुद्रातच होता.

सकाळी त्याचा फोन येऊन गेला होता. वाटेत देवमाशांचा पट्टा लागला, कप्तानानं जहाज हळू घेतलं आणि बंदरातली पाळी हुकली. आता बंदराबाहेर उभं राहायचं.

"पाण्याखाली इंजनाचा लई आवाज होतो, आई. पिल्लू हाक मारतं, ती मायला ऐकूच जात न्हाई."

"माशाला माय हाय, अन् तुला न्हाई व्हय?" म्हणून बाईंनी फोन कापला होता.

तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. घडीत मांडवात, घडीत उंबऱ्यात. फोन मुठीत, पण मानी बाई, स्वतःहून लावायच्या नाहीत.

"पुतण्या हाय की. सिदू पिळंल कान," नवरा मोहनराव म्हणाले.

"भाऊ काय उसना आणायचा?"

डीजे मांडवापुढे येऊन थडकला. पत्रे थरथरले. माणसांची नुसती तोंडं हलत होती. तेवढ्यात मुठीतला फोनही थरथरला. पडद्यावर बिभीषण, काहीतरी ओरडून सांगणारा. ओठांवरून एकच शब्द कळला, आई.

"बोल रे!" बाई ओरडल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

नाचणाऱ्यांतून वाट काढत त्या डीजेच्या गाडीपर्यंत गेल्या आणि डीजेवाल्याचं मनगट धरलं. आवाज बंद पडला. नवरदेवाचे वडील शिवशंकरराव डोळे वटारून पुढे आले.

"कावून बंद केलं, विहीणबाई? परण्या आमचा हाय."

मोहनरावांचा चेहरा उतरला. मुलीच्या आईनं असं करायचं नसतं, हे बाईंना का कळत नव्हतं!

"लेकराची हाक ऐकू येईना, पाव्हणं."

शिवशंकररावांनी डीजेवाल्याला हातानंच थांब म्हणून खुणावलं. फोनमधून आवाज आला, "आई, रागावलीस का? उद्या सांजच्याला पोचतो."

"न्हाई रे. सावकाश ये."

मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पुतण्याला हाक मारली.

"सिदू, तू डावा कान पीळ. उजव्याला हात लावू नको."