मामाचे कान

बावीस वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला चित्रवाल्यांनी उत्तर दिलं नव्हतं. हरवलं असतं तर ते सुटले असते. पण ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात सुखरूप होतं, आणि आज पुस्तकं झटकताना नेमकं बायकोच्या पायाशी पडलं.

"हे कुणाचं?"

"वॉर्डातल्या एका मुलीचं. जुनं आहे."

"वाचू ना?" असं म्हणेपर्यंत ती चष्मा लावून खुर्चीत बसलीही होती. ती मोठ्याने वाचू लागली.

'चित्रवाले, ओळखलंत का? मी दहा वर्षांची होते. आगीत आईबाबा गेले आणि माझे दोन्ही कान. तुम्ही खाटेशी बसून गोष्टी वाचायचात, इतक्या हळू, की मी म्हणायचे, कान माझे गेलेत आणि आवाज तुमचा गेलाय का? नवे कान बसले तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुझ्या मामाच्या कानावरून केलेत. तो येऊन गेला तेव्हा तू गुंगीत होतीस. आता डॉक्टर राहिले नाहीत. पण नमुना तुम्ही उतरवला होता, म्हणजे मामाला तुम्ही पाहिलं असणार. माझ्या दोन्ही कानांना वरच्या कडेला, एकाच जागी, खाच आहे. माझी लेक विचारते, आई, तुझे कान उंदराने कुरतडले का? मी सांगते, मामाकडून आलेत. मग ती विचारते, तो कुठाय? माझं म्हणावं असं मागचं एकही माणूस मला माहीत नाही. तो कुठे असतो एवढंच कळवा. घर स्वतःचं आहे, पत्ता बदलणार नाही. वाट पाहीन.'

बायकोने पत्र मांडीवर ठेवलं. बराच वेळ ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"दोन्ही कानांना कशी हो खाच?"

"आमची चूक."

त्या वॉर्डाचं नाव काढलं की त्यांना सगळ्यात आधी साबणाचा वास यायचा. डॉक्टर बरगडीच्या कूर्चेतून, म्हणजे मऊ हाडातून, कान कोरायचे, आणि त्याची तालीम साबणाच्या वड्यांवर करायचे. त्यामुळे हात धुवायच्या प्रत्येक बेसिनवर एकेक पांढरा कान पडलेला असायचा. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "इथे जपून बोला, भिंतींचं सोडा, साबणालाही कान आहेत." खिडकीजवळ चित्रवाल्यांचं टेबल. ऑपरेशनच्या आधीचे चेहरे आणि नंतरचे चेहरे ते कागदावर उतरवायचे. अख्ख्या वॉर्डात आरसा एकच, तोही त्यांच्या टेबलावर, कायम पालथा.

"एक कान शाबूत असला तर सोपं असतं," ते म्हणाले. "पारदर्शक फिल्म त्या कानावर धरायची, रेघ मारायची, मग फिल्म उलटी केली की दुसरा कान तयार. दोन्ही गेले असले, तर जवळच्या नातेवाइकाचा घ्यायचा. त्या दिवशी ऑपरेशनची वेळ भरत आली तरी नमुन्याचा पत्ता नव्हता. घाईघाईत झालं सगळं. मी आपलं दिसलं तसं उतरवलं, खाचेसकट. डॉक्टरांनी फिल्म समोर ठेवून एक कान कोरला, उलटी करून दुसरा. टाके पडल्यावर लक्षात आलं."

"रागावले?"

"हसले. म्हणाले, चित्रवाले, तुमच्या प्रामाणिकपणापुढे हात टेकले."

बायकोही हसली, पण पटकन थांबली. "आणि उत्तर का नाही दिलंत?"

"लिहायला बसलो होतो. दहा-अकरा कागद फाडले. तिने मनात केवढा माणूस उभा केला असेल! उंच, मोठ्या आवाजाचा, तिला खांद्यावर घेणारा. आणि खरा तो..."

"कसा होता खरा?"

"भित्रा. कुणाच्या दारात जाऊन बेल वाजवायलाही कचरणारा. खरं कळलं असतं तर ती दुसऱ्यांदा पोरकी झाली असती."

"हे तिने सांगितलं, की तुम्हीच ठरवलंत?"

चित्रवाल्यांनी शब्दकोश उगाचच फडक्याने पुसला.

"जिवंत आहे तो?"

"आहे."

"मग बावीस वर्षं पोरीला ताटकळत ठेवलंत? धन्य आहे तुमची. आता तिच्या लेकीलाही मुलं झाली असतील." तिने पत्र त्यांच्या हातात दिलं. "उद्याच्या उद्या लिहा. आणि त्याचा फोटो जोडा. शब्दांत तुम्ही घोळ घालाल."

"फोटो नाही माझ्याकडे."

"मग मिळवा. आणि पोस्टात असल्या अवतारात जाऊ नका, आधी केस कापून या. कानांवरून मानेवर झिपऱ्या आल्यात. लग्न झाल्यापासून सांगतेय."

सकाळी त्यांनी लिहिलं. चार ओळींचंच झालं, पण या वेळी कागद फाडला नाही. उशिराबद्दल क्षमा मागितली, खाली पत्ता घातला. मग न्हाव्याकडे गेले. आरशासमोर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "बारीक करा. सगळीकडून."

न्हाव्याच्या शेजारीच फोटोचं दुकान होतं. बाहेर पडल्यावर उघड्या मानेला वारा लागला, तसे ते परत फिरायच्या बेतात होते. खिशातलं पत्राचं पाकीट चाचपलं आणि आत शिरले.

"समोर बघा, आजोबा."

"नको. बाजूने काढा. डावी बाजू."

"बाजूने? पासपोर्टला चालत नाही हं."

"पासपोर्टसाठी नाही."

फोटोवाल्याने खांदे उडवले आणि फोटो काढला. मग पडद्यावर तो मोठा करून बघितला, आणखी मोठा केला, आणि म्हणाला, "आजोबा, कानाला वरच्या कडेला खाच दिसतेय. भरून देऊ? कुणाला कळणारसुद्धा नाही."

"तिला हात लावू नका," चित्रवाले म्हणाले, आणि दुपारचं टपाल निघायच्या आत पाकीट पेटीत टाकून आले.