कडक इस्त्री

हॅलडेन साहेबाला जमिनीवर बसता येईना. एक गुडघा दुमडला की दुसरा वर यायचा. शेवटी सुरैयाने भिंतीशी दोन उशा रचून दिल्या आणि टीव्ही मालिकेतला तो अमेरिकन डॉक्टर आखातातल्या मुहर्रकच्या दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या दस्तरखानासमोर, कसाबसा स्थिरावला.

कमालने गल्लीत शिरताना मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवला होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायला नको? साहेब मनामाच्या हॉटेलात इंग्रजी नाटक करायला आला होता आणि कमाल त्या हॉटेलचा ड्रायव्हर. हॉटेलच्या जेवणाला साहेब विटला, तेव्हा कमालने आपल्या घरच्या हामूर माशाच्या सालनाची आणि तांदळाच्या भाकरीची तारीफ केली. पण आमंत्रणामागचं खरं कारण निराळं होतं. आपली चार लग्नं झाली, असं साहेब गाडीत सहज बोलून गेला होता. तेव्हापासून कमालला त्याला एक गोष्ट विचारायची होती आणि जीभ उचलत नव्हती.

शुक्रवारी कमाल सुट्टीवर निघणार होता. खेडजवळच्या गावी आईने त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघून निकाहची तारीखही धरली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नाही, एवढं कारण आईला पुरलं. मग कमाललाही पुरलं. सुरैयाच्या लेखी तो आईची तब्येत बघायला चालला होता. सूक बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेली जरीची शेरवानी बॅगेच्या तळाशी, ब्लँकेटखाली, गपगार पडून होती.

"विचारा त्याला," सुरैया भाकरी वाढत म्हणाली, "टीव्हीत रोज मेलेल्या बायकोच्या फोटोला गुडनाइट म्हणतो, ते खरं की सोंग?"

कमाल ड्यूटीवर गेला की सुरैया संध्याकाळभर समुद्रापलीकडच्या दहरानहून येणारं इंग्रजी चॅनेल लावून बसायची. ती नुसती चित्रं बघते, असं कमालचं मत होतं. बायकोबद्दल त्याची अशी बरीच मतं होती. एकही कधी तपासून बघितलेलं नव्हतं.

कमालने प्रश्न इंग्रजीत केला. साहेब खो खो हसला. "पगार बरा मिळायचा. त्या फोटोतली बाई कोण, ते मला अजून माहीत नाही. स्टुडिओतल्या कोणाची तरी मावशी असेल."

"काय म्हणतो?"

"सोंग म्हणतो."

"आणि खऱ्या किती?"

"चार," कमाल साहेबाला न विचारताच म्हणाला.

"एकदम?"

"नाही गो. एक खलास, मग दुसरी. त्यांच्यात तसंच."

"म्हणजे दर वेळी नव्याने संसार मांडायचा," सुरैया म्हणाली. "खर्चिक माणूस आहे." मग सालनाचं भांडं पुढे सरकवत तिने सहज विचारलं, "विचारा ना, दुसरी आणायची ठरली तेव्हा पहिलीला कसं सांगितलं?"

कमालचा घास हातातच राहिला. गाडीत जो प्रश्न त्याच्या ओठावर येऊन परत जात होता, तो बायकोनेच आयता ताटात वाढला होता. त्याने तो शब्दन् शब्द इंग्रजीत केला. इतकं इमानी भाषांतर त्याने आजवर कुठल्याच साहेबासाठी केलं नव्हतं.

साहेब जरा वेळ भाकरीच्या कडा मोडत राहिला.

"सांगितलंच नाही," तो म्हणाला. "शूटिंगला चाललो म्हणायचो. ती बॅग भरून द्यायची. प्रत्येक शर्टाला इस्त्री, कॉलर कडक. शेवटी गेलो त्या दिवशीसुद्धा. नंतर वकिलाकडून कळलं, तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. मला लोक नट म्हणतात. आमच्या घरात नट मी नव्हतो." त्याने मान हलवली. "फक्त एक कोडं राहिलं. सगळं माहीत होतं, तर इस्त्री कशाला केली?"

"काय म्हणतो?" सुरैयाने विचारलं.

कमालने पाण्याचा घोट घेतला. "म्हणतो, पहिली फार चांगली होती. शर्टांना इस्त्री करायची."

"एवढंच? बोलला तर बराच वेळ."

"इंग्रजी भाषा लांबलचक असते गो."

सुरैयाने मान डोलावली. हामूरचा मधला, बिनकाट्याचा तुकडा निवडून तिने साहेबाच्या ताटात ठेवला.

"डॉक्टर," ती म्हणाली. आणि त्यापुढचं सगळं इंग्रजीत. सावकाश, पण कुठेही न अडता, टीव्हीतला तो डॉक्टर ओढायचा तसे शेवटचे शब्द ओढत. "दुसरीने बॅग उघडली की आधी पहिलीचा हात दिसावा, म्हणून. परवा मी पण यांची बॅग भरली. शर्ट पटकन झाले. ब्लँकेटखाली शेरवानी होती, तिला वेळ लागला. जरीला चटका बसतो ना."

साहेबाला शब्द कळले होते, बाकी काहीच कळलं नव्हतं. तो कमालकडे वळला.

"काय म्हणते ती?"

कमालने पुन्हा पाण्याचा घोट घेतला.

"सांगा ना," सुरैया त्याच्या पुढ्यातली थंड झालेली भाकरी उचलून तिथे गरम वाढत म्हणाली. "तुम्हाला थोडक्यात सांगता येतं."