गोळ्यांचं पथ्य

“घे रे तांडेल, एक घोट! दर्याला नारळ दिला, न् तू तोंड कोरडं ठेवून होडी लोटणार?” विठूनं ग्लास धाकूच्या नाकाशी धरला.

धाकूनं तोंड फिरवलं. “गोळ्या चालू हायत. वर दारू पडली की रक्ताचं दही होतं. मी मेलो तर होडी तू नेशील?”

विठू मागं सरला.

असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलंय? पण लोकांना सगळं पटतं. होमिओपॅथीच्या गोळीवर कांदा खाल्ला तर जीभ झडते, असं मानणारी ही माणसं. याच बंदरात दारू सोडली म्हणणाऱ्याला नामर्द ठरवतात, धरून पाजतात. धाकूनं आधी दोनदा सोडली होती. दोन्ही वेळा या दोस्तांनीच त्याला पुन्हा पाजली. औषध चालू आहे म्हटलं, की मात्र हेच वाघ शेपूट घालतात.

या शिमग्यात धाकूला रक्ताची उलटी झाली होती. “आता प्यायलात तर पुढचा शिमगा दिसणार नाही,” दवाखान्यातली डॉक्टरीण तोंडावर म्हणाली. मग होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे जातो म्हणून तो एकटाच खेडला गेला आणि पांढऱ्या गोळ्यांची बाटली घेऊन आला.

“हात लावू नको गो,” त्यानं बायकोला, चिमाला बजावलं. “मासळीचा वास लागला तर गुण जातो.” बाटली देवघरात बसली. गोळ्या बुचात काढायच्या, थेट जिभेवर टाकायच्या.

आणि दारू खरंच सुटली. चिमा देवाआधी खेडच्या डॉक्टरांना हात जोडू लागली. घरात हसणं परत आलं. एकादशीला डब्यातला साबुदाणा पुरला नाही तेव्हा ती उंदरांवर ओरडली, न् स्वतःच हसली. आधी असं ओरडणं धाकूच्या वाट्याला यायचं.

भादव्यात बाटली तळाला गेली. धाकू दर्यावर होता. चिमानं हात स्वच्छ धुतले, बाटली रुमालात गुंडाळली, डॉक्टरांसाठी ताजी सुरमई घेतली न् सकाळच्या एसटीनं खेड गाठलं.

परतताना ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. पदर सारखा डोळ्यांना लावत होती.

संध्याकाळी होडी लागली. सगळे धाकूच्या पडवीत जमले.

“तांडेल, देवघरात बघितलं मी, बाटली नाय!” विठू ओरडला. “औषध संपलं, पथ्य संपलं. आता कारण सांगायचं नाय.”

धाकूच्या हातात ग्लास कोंबला गेला. त्याची नजर देवघराकडे वळली.

चिमा आतून आली. तिनं बाटली पुढं केली, काठोकाठ भरलेली.

“मी खेडला जाऊन आले,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “जल्मभर घ्यायच्या हायत. थेंब जरी पोटात गेला, तर जाग्यावर खलास. कोण पाजतोय, बोला!”

विठूनं ग्लास काढून घेतला.

धाकू भरल्या बाटलीकडे बघत राहिला, मग चिमाकडे. त्यानं बुचात गोळ्या काढल्या, जिभेवर टाकल्या न् मान खाली घातली.

सकाळी खेडच्या डॉक्टरांनी बाटलीच्या तळाशी उरलेली एक गोळी दाताखाली फोडली होती. म्हणाले होते, “धाकू नावाचा माणूस माझ्याकडे कधी आलाच नाही, बाई. आणि हा तर साबुदाणा आहे.”