गावाचा ताप

गावात शेवटचा मलेरिया सापडून तीन वर्षं व्हायला चार दिवस उरले होते, आणि आफ्रिकेतल्या नोकरीवरून परतलेला फरिदाचा मुसअब गोधडीत कुडकुडत होता. नर्स अमिषा सुई घेऊन आली, तर सरपंचांनी स्वतःचंच बोट पुढे केलं. “रक्त माझं घ्या, नाव त्याचं लिहा. मलेरियामुक्तीचा बोर्ड रंगवून झालाय!” “आग लागो त्या बोर्डाला!” फरिदा ओरडली. “माझा पोर जाईल!” अमिषाने मुसअबचंच रक्त तपासलं. मलेरियाच निघाला. “गेला आपला बोर्ड!” सरपंच म्हणाले. “बाहेरून आलेला ताप गावाच्या नावावर धरत नाहीत,” गोळ्या देत ती म्हणाली. “पण ह्याला चावलेला डास तुम्हाला चावला, तर तो ताप गावाचा.” संध्याकाळी मुसअबच्या मच्छरदाणीपाशी सरपंच डास मारायची रॅकेट घेऊन बसले. ठिणगी उडाली. त्यांनी घाबरून विचारलं, “फरिदाभाभी, हा आत चाललेला की बाहेर?”