आवाज वाढव

पडद्यावरच्या पोराने खुर्ची उचलली आणि स्टाफरूमच्या खिडकीवर घातली. काचा भूगोलाच्या मास्तरांच्या चहात पडल्या. मास्तर नुसते "प्लीज, प्लीज" करत राहिले.

"बघ," रंगनाथ म्हणाला. "नीट बघून ठेव."

अनय बघत होता. गेली दोन वर्षं तो हेच बघत आला होता. मालिका ब्रिटिश होती आणि तिचा कितवा सीझन चाललाय हे ती काढणाऱ्यांनाही आठवत नसावं. एक मोडकी सरकारी शाळा. दर सीझनला ती बंद पडायला येते आणि दर सीझनला वाचते, कारण बंद पडली तर मालिका कशावर काढणार? मधल्या वेळात जिन्यात लाथाबुक्क्या, कॅन्टीनमध्ये डोक्यात ट्रे, संडासात चाकू. हेडमास्तरांचं नाक वर्षातून एकदा फुटायचंच. दोह्यात, अल मन्सूरातल्या त्या फ्लॅटमध्ये ही मालिका करमणूक म्हणून लागत नसे. रंगनाथच्या मते ते मूल्यशिक्षण होतं.

"हे असं का होतं ठाऊक आहे? तिथे पोराच्या अंगाला हात लावायची कुणाची टाप नाही. गोऱ्यांनी छडी सोडली आणि राज्य गेलं."

"इट्स जस्ट अ शो, बाबा."

"मराठीत!" रंगनाथने टपली मारली. टपली हा त्याचा शब्द. अनयचा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला. मराठी त्याला सगळी कळायची, उत्तर मात्र तोंडातून इंग्रजीतच निघायचं.

रंगनाथ गॅस कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. साइटवर कुणाच्या बोटाला खरचटलं तरी तो रिपोर्ट लिहून घ्यायचा. कसं लागलं, कुणामुळे लागलं, पुन्हा लागू नये म्हणून काय करणार. रागाच्या भरात पोरांना बडवणारे बाप त्याला अडाणी वाटत. त्याचं काम पद्धतशीर असे.

आज गणिताचा पेपर मिळाला होता. रंगनाथने तो परत एकदा पाहिला, घडी घातली आणि टीपॉय भिंतीकडे सरकवला. काचेचा कोपरा, उगाच डोक्याला लागायचा. मग अनयचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात ठेवला आणि त्याची बाही खांद्यापर्यंत वर सरकवली. ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली.

"आवाज वाढव."

रिमोट अनयकडेच असायचा. त्याने आवाज वाढवला.

स्वयंपाकघरातून अनयच्या आईने, उल्काने, एकदा डोकावून पाहिलं आणि दार लोटून घेतलं. आत मिक्सर सुरू झाला. तिला चटणी वाटायची होती. अशा वेळी तिला नेहमीच चटणी वाटायची असे. जून महिन्यातच तिने अनयला पूर्ण बाह्यांचे शर्ट घेतले होते. "वर्गात एसी फार असतो ना," असं तिने टीचरना आपणहून सांगितलं होतं, आणि टीचरनीही एसीबद्दल बरीच काळजी व्यक्त केली होती. अनयची शाळा उत्तम होती. तिथे कुणी कुणाला मारत नसे आणि कुणी कुणाला काही विचारत नसे.

वरच्या मजल्यावरची सलमा तेवढी एकदा लिफ्टमध्ये म्हणाली होती, "भाईसाब, आपका सीरियल बड़ा मारधाड़वाला है।"

"बच्चे के लिए लगाते हैं," रंगनाथ हसून म्हणाला होता. "सीखने को मिलता है।"

पडद्यावर आता जिन्यात दोन टोळ्या भिडल्या होत्या. कुणीतरी कुणाला कठड्यावर आपटलं, त्या किंकाळीबरोबर पहिला फटका दंडावर बसला. अग्निशमनाचा लाल सिलिंडर पायऱ्यांवरून गडगडत आला, त्यात दुसरा आणि तिसरा निघून गेले. एका मुलीच्या हातात तिच्या मैत्रिणीच्या केसांचा झुबका आला. चौथा. अनय ओरडत नसे. ओरडायचं काम पडदा करी. सगळे फटके खांद्यापासून कोपराच्या वर, बाहीत मावतील असे. मिक्सर फिरत होता, काचा फुटत होत्या, रंगनाथने पाचव्यासाठी हात उचलला.

पण आजचा भाग नवीन होता.

जिन्यात एका शिक्षिकेने मारामारीतून एक पोरगा ओढून बाहेर काढला. ओढताना त्याची बाही टर्रकन फाटली. आत, कोपराच्या वर, निळे-काळे वळ. जिना गप्प झाला. त्याच क्षणी मिक्सरही थांबला.

त्या शांततेत रंगनाथची पट्टी खाली आली. सट्ट.

वरच्या मजल्यावर चालणारी पावलं थांबली.

"हे कुणी केलं तुला?" शिक्षिकेने पूर्ण आवाजात विचारलं. सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा.

पडद्यावरचा पोरगा पुटपुटला, "पडलो."

"नाही." ती तिथेच, काचांमध्ये, त्याच्याशेजारी पायरीवर बसली. "तू सांगेपर्यंत मी इथून उठणार नाही."

"आवाज कमी कर," रंगनाथ म्हणाला.

अनयने केला नाही. रिमोट त्याने मुठीत घट्ट धरला होता. स्वयंपाकघराचं दार किंचित उघडलं.

रंगनाथला हसावं लागलं. "बघितलंस? या असल्या शाळा! शिकवायचं सोडून लोकांच्या घरात नाक खुपसतात!" पट्टी ड्रॉवरमध्ये टाकत त्याने नेहमीचं वाक्य काढलं. "पुन्हा असे मार्क आण, खरंच नेऊन टाकतो तुला असल्या शाळेत. कळलं?"

अनय उठला. बापाच्या खिशातून त्याने आपला चष्मा काढून घेतला आणि डोळ्यांवर चढवला. वर गेलेली बाही त्याने खाली ओढली नाही. शिक्षिका अजून पायरीवर बसून होती. तिच्याकडे बघत त्याने स्वच्छ मराठीत विचारलं,

"कधी, बाबा?"